यादी बरोबर होती

ऑगस्ट २०२४ मध्ये पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलुईला सोडलं तेव्हा आमच्या फ्लॅटमध्ये दोन तट पडले. एका बाजूला माझे तिन्ही रूममेट, दुसऱ्या बाजूला मी आणि माझी एक्सेल शीट.

कबड्डी न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. शादलुई हा इराणचा खेळाडू, डावा कोपरा. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामासाठी पुण्याने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. त्या हंगामात त्याने पकडीचे ९९ गुण मिळवले, लीगमधल्या कुठल्याही बचावपटूपेक्षा जास्त. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये पुण्याने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवलं आणि पहिल्यांदा करंडक उचलला. नऊ हंगाम आम्ही ज्याची वाट बघितली, ते घडलं. आणि पाच महिन्यांनी, ते घडवणाऱ्यांतला सगळ्यात महागडा माणूस संघाने मोकळा केला. लिलावात हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना उचललं. म्हणजे ज्यांना हरवलं, त्यांच्याच घरी तो गेला.

रूममेट चिडले होते. "माणुसकी म्हणून काही आहे की नाही?" असा एकाचा सवाल होता. मी लॅपटॉप उघडून दाखवला. एका संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून खर्चायला ५ कोटी. त्यातले सव्वादोन-अडीच कोटी एका माणसावर अडकवले, तर उरलेल्या पैशांत बाकीचा अख्खा संघ बसवायचा. पलटणकडे अस्लम इनामदार आहे, मोहित गोयत आहे, पंकज मोहिते आहे, गौरव खत्री आहे. हे सगळे तरुण, संघाने स्वतः घडवलेले. पुढच्या तीन-चार वर्षांचा विचार केला तर निर्णय बरोबर आहे.

आजही मी त्याच मताचा आहे. पण त्या रात्री मी वाद जिंकलो आणि झोप मात्र लागली नाही. कारण असा वाद मी आधीही एकदा जिंकलो होतो. हा लेख त्या आधीच्या वादाबद्दल आहे. पण तिथे जायला कबड्डीतूनच जावं लागेल.

*

माझ्या पिढीतल्या बऱ्याच इंजिनिअर मंडळींसारखा मीही 'मनीबॉल' बघून भारावलेला. २००२ सालची ओकलंड अ‍ॅथलेटिक्सची गोष्ट. बेसबॉलमधला गरीब संघ. न्यूयॉर्क यांकीजच्या पगारखर्चाच्या जेमतेम एक तृतीयांश पैसे. मोठे खेळाडू मोठ्या शहरांनी पळवलेले. मग मॅनेजर बिली बीन आकडेवारी घेऊन बसतो, इतरांनी टाकून दिलेले खेळाडू स्वस्तात उचलतो आणि संघ सलग २० सामने जिंकतो. कॉलेजात हा सिनेमा मी किमान पाच वेळा बघितला असेल. प्रत्येक वेळी मला वाटायचं की आपण त्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या पोराच्या बाजूचे. कुणाला घ्यायचं, कुणाला सोडायचं हे भावनेने ठरवणारे ते म्हातारे स्काउट्स म्हणजे जुना जमाना.

प्रो कबड्डीत एक गंमत आहे. बेसबॉलमध्ये श्रीमंत संघ हवा तेवढा पैसा ओतू शकतो, म्हणून गरीब संघाला चांगली माणसं सोडावी लागतात. इथे सगळ्यांची थैली सारखी. मुंबई असो, पाटणा असो, पुणे असो, पाच कोटी म्हणजे पाच कोटी. म्हणजे एका अर्थाने इथे प्रत्येकच संघ छोट्या गावाचा संघ आहे. प्रत्येकाला दरवर्षी कुणाला तरी दारापर्यंत सोडायला जावं लागतं.

ही मर्यादा चांगल्या हेतूने घातली आहे. दोन संघांमध्ये न्याय व्हावा, एखाद्या मालकाने पैशाच्या जोरावर लीग विकत घेऊ नये. पण त्याचा दुसरा परिणाम माझ्या उशिरा लक्षात आला. संघासंघांत समानता आणायची, तर संघाच्या आत निष्ठा ठेवणं महाग होतं. ज्याने जिंकून दिलं त्याचा भाव वाढतो, आणि भाव वाढला म्हणून त्यालाच सोडावं लागतं. यात खलनायक कुणीच नाही. मालक लोभी असायची गरज नाही, कोच कृतघ्न असायची गरज नाही. सगळे चांगले वागले तरी शेवटी एक माणूस बॅग भरतो.

खलनायक असता तर बरं झालं असतं. त्याला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

*

२९ डिसेंबर २०२४. अकराव्या हंगामाची फायनल पुण्यातच, बालेवाडीला. पलटण प्ले-ऑफपर्यंतही पोचली नव्हती. हंगामाच्या मध्यात अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि गाडी रुळावरून उतरली. फायनल हरियाणा विरुद्ध पाटणा. तिकिटं आधीच काढून ठेवलेली, म्हणून आम्ही चौघं गेलो.

हरियाणाने ३२-२३ ने सामना मारला. शादलुई त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आपल्याच शहरात, आपल्याच गर्दीसमोर, दुसऱ्याच्या जर्सीत त्याने करंडक उचलला. पकड केली की तो मांडीवर थाप मारतो, आपल्याकडचे पैलवान शड्डू ठोकतात तशी. आमच्या पुढच्या रांगेत पलटणची भगवी जर्सी घातलेला दहा-बारा वर्षांचा पोरगा होता. दर थापेला तो उभा राहायचा, मग बापाकडे बघून परत बसायचा. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे त्याला कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं.

परतीच्या वाटेवर रूममेट म्हणाले, "बघ, चुकलास की नाही?"

पण मी चुकलो होतो का? निकाल वाईट लागला म्हणून निर्णय वाईट ठरत नाही. अस्लमचा गुडघा धड राहिला असता तर कदाचित आम्हीच फायनल खेळलो असतो. आणि उलटंही बघा. पाटणा पायरेट्सने २०२१ च्या लिलावाआधी परदीप नरवालला सोडलं. सलग तीन करंडक जिंकून देणारा, लीगच्या इतिहासातला सगळ्यात मोठा रेडर. यूपीने त्याच्यासाठी १ कोटी ६५ लाख मोजले. आणि त्याच्याशिवाय खेळून पाटणा त्या हंगामात फायनलला गेली, दिल्लीकडून एका गुणाने हरली. मग पाटण्याचा निर्णय बरोबर आणि पुण्याचा चूक? ज्या दिवशी निर्णय घेतले त्या दिवशी दोघांच्याही हातात तोच कागद होता: पैसे एवढे, वय एवढं, गुण एवढे.

निकालावरून नीतिमत्ता ठरवायची सवय आपल्याला खेळानेच लावली आहे. जिंकलात तर धाडसी, हरलात तर कृतघ्न. मला वाटतं खरा प्रश्न याच्या आधीचा आहे. समजा निर्णय बरोबर होता. अगदी पुराव्यानिशी बरोबर. तरीही सोडलेल्या माणसाचं काही देणं उरतं का?

*

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. सातारा-सांगली पट्ट्यात कबड्डी कुणी शिकवावी लागत नाही. चैत्रात यात्रा सुरू झाल्या की दर दोन-चार दिवसांनी कुठल्या तरी गावात हॅलोजनच्या उजेडात सामने. ५५ किलो, ६५ किलो, खुला गट. कराडहून कोल्हापूरकडे निघालं की महामार्गावर कासेगाव लागतं. तिथला काशिलिंग आडके २०१५ मध्ये प्रो कबड्डीच्या दुसऱ्या हंगामाचा सर्वोत्तम रेडर ठरला, तेव्हा आमच्या गावातल्या निम्म्या पोरांनी अभ्यास सोडला होता.

मी खेळाडू म्हणून सुमार. वजन कमी, दम कमी. म्हणून मंडळाने मला वही दिली. गुण लिहायचे, प्रवेश फी भरायची, टेम्पो ठरवायचा. इंजिनिअरिंगला गेल्यावर मी वहीची एक्सेल शीट केली. कुणी किती चढाया केल्या, किती यशस्वी, कुणी किती पकडी लावल्या, किती सुटल्या. मंडळातली वडीलधारी माणसं कौतुकाने बघायची. बिली बीनच्या ऑफिसातला पोरगा मी गावातच झालो होतो.

आमचा डावा कोपरा म्हणजे माझा चुलत भाऊ, दादा. चौदा वर्षं तो कोपरा त्याचा होता. घोटा धरला की माणूस सुटायचा नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी मैदानावर तोच. खडे वेचायचा, पाणी मारायचा, फक्कीने रेषा आखायचा. मला त्याने एकच गोष्ट शिकवली: "रेडरचं त्वांड बघू नगं, पाय बघ." मी खेळाडू झालो नाही, पण सामना बघायला त्याच्यामुळे शिकलो.

२०१९ ची गोष्ट. मी शेवटच्या वर्षाला, दादा चौतीस वर्षांचा. आमच्याच गावच्या यात्रेचे सामने, पहिलं बक्षीस २१ हजार. बारा जणांची यादी करायचं काम माझ्याकडे. शीट स्पष्ट सांगत होती. आदल्या हंगामात दादाने ३१ पकडी लावल्या, ९ यशस्वी. त्याच्या मागे बसलेला एकोणीस वर्षांचा पोरगा होता, त्याच्या २६ पैकी १४. दादा बाराव्या क्रमांकावरही बसत नव्हता.

मी यादी केली. रात्री पावणेबाराला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि फोन उलटा करून झोपलो. दादाचं घर माझ्या घरापासून दीडशे पावलांवर आहे. सकाळी बघितलं तर त्याने यादीखाली अंगठा टाकला होता.

मैदानावर गेलो. रेषा आखलेल्या होत्या. नेहमीसारख्या सरळ. दादा नव्हता, उसाला पाणी द्यायला गेला होता.

सामने आम्ही जिंकलो. फायनलला शेवटच्या दोन मिनिटांत त्या एकोणीस वर्षांच्या पोराने दोन पकडी केल्या. यादी बरोबर होती. अगदी गुणफलकावर दिसावं इतकी बरोबर.

दादा त्यानंतर मैदानावर आला नाही. भांडला नाही, रुसला नाही, लग्नाकार्यात भेटला की "कसं चाललंय पुण्याला?" विचारायचा. एवढंच. कबड्डीत बाद झालेला गडी परत येतो, तोही ज्या क्रमाने गेला त्याच क्रमाने. पुढचा गुण मिळाला की पहिला बाद झालेला पहिला उठतो. तो नियम सात जणांसाठी आहे. यादीतून गेलेल्यासाठी तसा नियम नाही.

*

या प्रसंगातून मी आधी एक धडा घेतला आणि तो चुकीचा होता.

दादा गेल्यावर दोन वर्षांत पहाटेचा सराव बंद पडला. खडे कोण वेचणार यावरून वाद व्हायला लागले. तेव्हा मी म्हणालो, अच्छा, माझा डेटा अपुरा होता! दादाच्या पकडी मोजल्या, पण त्याने आखलेल्या रेषा मोजल्या नाहीत. शीटमध्ये एक रकाना वाढवायला हवा होता. आयटीत राहिलेल्या माणसाला हे पटकन सुचतं. मोजमाप चुकलं की नवं मोजमाप आणायचं.

हे खोटं नाही. पण यात एक गडबड आहे. समजा दादा रेषाही आखत नसता. समजा तो गेल्याने मंडळाचं काडीचंही नुकसान झालं नसतं. मग रात्री पावणेबाराला ग्रुपवर त्याचं नाव गाळणं ठीक ठरलं असतं का? नाही ना? मग त्याचं देणं त्याच्या उपयोगावर अवलंबून नव्हतं. मी रकाना वाढवतो तेव्हाही त्याच्याकडे उपयोग म्हणूनच बघत असतो. फक्त जरा जास्त नीट मोजलेला उपयोग.

इमॅन्युएल कांटने १७८५ मध्ये मांडलेलं एक तत्त्व बहुतेकांना ऐकून माहीत असतं: माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. आपण वाचताना 'केवळ' हा शब्द गाळतो. कांट असं म्हणत नाही की माणसाचा उपयोगच करू नका. तसं असतं तर कबड्डीचा संघच काय, रिक्षाही करता आली नसती. डाव्या कोपऱ्यावर उभा असलेला माणूस संघाचं साधन आहेच, आणि त्यालाही ते माहीत आहे. प्रश्न असा की तो तेवढाच आहे का. आणि याची परीक्षा तो उपयोगी असताना होत नाही. उपयोग संपतो त्या दिवशी होते.

दुसरे तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स. त्यांचं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एक ट्रकचालक नीट, सावधपणे गाडी चालवतोय आणि अचानक एक मूल गाडीखाली येतं. त्याची चूक नाही. सगळे त्याला सांगतील, तुझा दोष नाही. पण तो जर लगेच खांदे उडवून म्हणाला, "बरोबर आहे, माझा दोष नाही," आणि पुढे निघाला, तर आपल्याला त्याच्याविषयी काहीतरी खटकेल. दोष नसतानाही त्याला काहीतरी वाटायला हवं. बाजूला उभ्या असलेल्या माणसापेक्षा वेगळं, जास्त.

माझी यादी म्हणजे अपघात नव्हे, आणि दादाचं दुःख त्या तोलाचं नव्हे. तरी मला त्यातून एक गोष्ट उमगली. आपण शाळेत शिकलो तो भागाकार. भागाकार अगदी बरोबर असतो, तरी खाली बाकी उरते. बाकी उरली म्हणजे गणित चुकलं असं नाही. पण बाकी लिहिलीच नाही, तर मात्र गणित चुकतं.

मी बाकी लिहिली नव्हती.

*

यावर दोन आक्षेप येतील. मी स्वतःच ते घेत आलोय.

पहिला: शादलुईला कोटी मिळाले, कसली बाकी? व्यवहार झाला, पैसे दिले, हिशोब चुकता. मान्य. शादलुईची कीव करावी अशी त्याची परिस्थिती नाही. पण हिशोब चुकता होणं आणि जाण संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत 'जाण' हा शब्द फार सुरेख आहे. जाण म्हणजे समज, आणि जाण ठेवणं म्हणजे कुणी केलेलं लक्षात ठेवणं. देणं फेडता येतं. जाण फेडायची नसते, ती ठेवायची असते. डॉक्टरची फी दिली तरी आईला वाचवणाऱ्या डॉक्टरला आपण रस्त्यात ओळख दाखवतो, ती फीमध्ये धरलेली नसते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. दादाची जाण ठेवायची म्हणून त्याला संघात ठेवलं असतं, तर त्या एकोणीस वर्षांच्या पोराचं काय? तोही दोन वर्षं बाकावर बसून होता. त्याचीही आई डबा देत होती. निष्ठा फार गोड शब्द आहे, पण ती नेहमी आत असलेल्यांच्या बाजूने असते. आपल्याकडे किती संस्था, किती मंडळं, किती पक्ष 'जुन्या माणसांची जाण' म्हणत तीच ती माणसं तीस-तीस वर्षं मिरवतात, हे सातारा-सांगलीत राहणाऱ्याला मी सांगायला नको.

सातारा जिल्ह्यातच याचं मोठं उदाहरण आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड मिळवतानाच त्यांना दाद मागावी लागली होती. निवड झाल्यावर प्रवासाला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. यादी करणाऱ्यांनी नीट बघावं, योग्य माणसाला जागा मिळावी, ही मागणी भावनाशून्य नाही. कुणाचं तरी आयुष्य त्यावर उभं असतं. म्हणून जागा देताना जो लायक त्यालाच द्यावी, हे माझं मत आजही तसंच आहे.

तर मग जाण ठेवायची कुठे? जागेत नाही, हे नक्की. जागा ही बक्षीस म्हणून वाटायची गोष्ट नाही. माझं उत्तर असं आहे की जाण सोडण्याच्या पद्धतीत असते आणि सोडल्यानंतरच्या वागण्यात असते. मी दादाला वगळलं ते योग्य होतं. दीडशे पावलं चाललो नाही, ते अयोग्य होतं. ती पावलं टाळून मी वाचवलं काय? माझी स्वतःची दहा मिनिटांची अवघड जागा. त्याने चौदा वर्षं दिली आणि मी दहा मिनिटं वाचवली. मी त्याच्यावर अन्याय केला तो यादीत नाही, यादीच्या बाहेर.

आणि इथे यंत्रणेचा उपयोग होत नाही. लीगच्या नियमांत खेळाडू राखायचे प्रकार आहेत, लिलावाची कार्डं आहेत, पण जाण ठेवायचं कार्ड नाही. ते कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं, म्हणून ते ज्याच्या हातात पेन आहे त्याचंच असतं. प्रेक्षकांचंही थोडं असतं. तीन करंडक आणि १८०१ रेड पॉइंट्स नावावर असलेल्या परदीप नरवालला २०२५ च्या लिलावात कुणीच घेतलं नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. कुठल्याही संघाने त्याला घ्यायलाच हवं होतं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी मीम बनवणारे आपण होतो. ते संघांनी नाही केलं.

ज्या बेसबॉल संघामुळे मी शीट बनवायला शिकलो, त्याची पुढची गोष्ट सिनेमात नाही. ओकलंडने पुढेही वर्षानुवर्षं चांगले खेळाडू सोडले. गावाने ते समजून घेतलं, संघ गरीब आहे म्हणून. २०२४ च्या हंगामानंतर संघानेच गाव सोडलं. आता तो सॅक्रामेंटोत खेळतो आणि पुढे लास वेगासला जाणार आहे. तिथेही कुणाकडे तरी शीट असणार, आणि शीटमध्ये ते बरोबरच दिसत असणार.

*

३१ ऑक्टोबर २०२५. बाराव्या हंगामाची फायनल दिल्लीत, पुणे विरुद्ध दिल्ली. अस्लम बरा होऊन परत कप्तान होता आणि पलटण गुणतक्त्यात पहिली आली होती. मी वर्क फ्रॉम होम घेऊन गावी गेलेलो. घरी नेटवर्क येईना, म्हणून मोबाईल घेऊन दादाच्या ओट्यावर गेलो. निमित्त नेटवर्कचं होतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकत्र सामना बघत होतो.

दिल्लीकडून फझल अत्राचली खेळत होता. तोही इराणचा, तोही डावा कोपरा, तेहेतीस वर्षांचा. नवव्या हंगामात तो पुण्याचा कप्तान होता. संघ फायनल हरला, फझलला सोडलं, आणि त्याच्या कोपऱ्यावर नंतर शादलुईला आणलं. दादा मोबाईलकडे बघत म्हणाला, "ह्यो बी आपलाच हुता की."

पुणे २८-३१ ने हरलं. फझलच्या संघाने करंडक उचलला. आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. मग मी ते बोललो. २०१९ च्या यादीबद्दल. फार नीट जमलं नाही, मध्ये शीटमधले आकडेही सांगून बसलो. ३१ पैकी ९.

दादा हसला. "यादी बरूबरच हुती. गुडगा गेला हुता माझा, मला ठावं न्हाई व्हय? पर तू घरी यायला पायजे हुतंस."

मग आत बघून वहिनींना चहा ठेवायला सांगितला.

त्याने माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. तो पुन्हा मैदानावर आलेला नाही, आणि माझ्या एका कबुलीने सहा वर्षं भरून निघतील असं मानणंही एक प्रकारे हिशोब चुकता करणंच झालं असतं.

वर्षभरापूर्वी मी टीम लीड झालो. आमच्याकडे दरवर्षी प्रत्येक लीडने आपल्या टीममधलं एक नाव सगळ्यात खालच्या गटात टाकायचं असतं. टीम चांगली असली तरी एक नाव लागतं. ती पद्धत मला पटत नाही, मी तसं वर लिहून कळवलंय, आणि ती यंदा बदलणार नाही हेही मला ठाऊक आहे. नाव मी दिलंय. डेटा बघितला, दोनदा बघितला, टीममधल्या बाकीच्यांवर अन्याय होणार नाही असं बघितलं. माझ्या समजुतीप्रमाणे ते बरोबर आहे. ज्याचं नाव आहे, त्याने मला पहिल्या वर्षी कोड वाचायला शिकवलं होतं.

त्याला ते मेलवरून कळायच्या आधी मी सांगणार आहे. ऑनलाइन नाही, समोर बसून. काय मोजलं आणि काय मोजता आलं नाही, दोन्ही सांगणार आहे. पुढे त्याला दुसरीकडे नोकरी बघावी लागली तर माझ्या ओळखीतले फोन मी करणार आहे. यामुळे त्याचं रेटिंग बदलणार नाही. घरी जाऊन त्याला काय सांगावं लागेल, तेही बदलणार नाही. कदाचित तो माझ्यावर चिडेल, आणि तो त्याचा हक्क आहे.

मंगळवारी भेट आहे. कॅलेंडरवर आपोआप पंधरा मिनिटांचा स्लॉट पडला होता. मी तो तासाचा केलाय.